डोक्याच्या कामाला भोंगा नसतो

दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. “डॉक्टर, अंगमेहनत करणारा माणूस पाठ टेकताच घोरू लागतो, मग दिवसभर डोके झिजवणाऱ्याला झोप का येत नाही?” हा प्रश्न विचारणाऱ्यांत मार्चअखेरचे हिशेब जुळवणारा हिशेबनीस असतो, बारावीची विद्यार्थिनी असते, चादरींच्या मागणीचे आणि सुताच्या भावाचे गणित मांडणारा कारखानदार असतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी मनात घोळवणारी आईही असते. चौघांचे गाऱ्हाणे एकच असते. थकवा भरपूर आहे, डोळे जड आहेत, अंथरूण तयार आहे. पण दिवा मालवला की डोके जणू नव्याने कामाला लागते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या शहराचा इतिहास थोडा उपयोगी पडतो. सोलापुरात पहिली मोठी कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. आज आपण तिला जुनी मिल म्हणून ओळखतो. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि अनेक दशके या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालला. भोंगा वाजला की पाळी सुरू आणि भोंगा वाजला की पाळी संपली. पाळी संपल्यावर कामगार साच्यापासून दूर जाई आणि साचा काही त्याच्यामागे घरी येत नसे. रात्रपाळीने त्याच्याही झोपेचे नुकसान होत असे, हे विसरून चालणार नाही; परंतु काम केव्हा संपले हे त्याला कोणी तरी मोठ्याने सांगत असे. डोक्याच्या कामाला असा भोंगा नसतो. ते आपल्याबरोबर जेवायला बसते, गच्चीवर येते आणि अंथरुणातही शिरते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. झोपण्यापूर्वीच्या एक-दोन तासांत आपले मन कोणत्या कामाला जुंपलेले असते, आणि त्याचा आपल्या झोपेवर काय परिणाम होतो?

थकवा वेगळा, झोप वेगळी

थकवा म्हणजे झोप नव्हे, ही पहिली गोष्ट समजून घेतली पाहिजे. थकलेल्या माणसाला काम नकोसे होते. झोप आलेल्या माणसाला जागे राहणे अशक्य होते. या दोन निराळ्या अवस्था आहेत आणि त्या नेहमी जोडीने येतातच असे नाही.

झोप येण्यामागे मुख्यतः दोन यंत्रणा असतात, अशी मांडणी अलेक्झांडर बॉर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली केली आणि आजही ती आधारभूत मानली जाते. पहिली यंत्रणा म्हणजे जागेपणाबरोबर साठत जाणारा झोपेचा दाब. आपण जितके तास जागे राहतो तितके मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य वाढत जाते आणि झोपेची गरज वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन या ॲडेनोसिनचाच मार्ग अडवते. दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचे घड्याळ. अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि झोपेचे दार उघडते. या घड्याळाची एक गंमत अशी, की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनएक तास ते आपल्याला अधिक जागे ठेवते. “रात्री नऊनंतर माझे डोके फार छान चालते,” असे सांगणाऱ्यांचा अनुभव म्हणूनच खोटा नसतो. मात्र त्या तरतरीवर भिस्त ठेवून मोठे काम हाती घेतले, की झोपेची वेळ निघून जाते.

या दोन यंत्रणांवर अंमल चालवणारी तिसरी गोष्ट म्हणजे सावधपणा. जवळपास धोका असेल, कोणी हाक मारणार असेल, निर्णय घ्यायचा राहिला असेल, तर मेंदूतील जागृतीची केंद्रे झोपेचा दाब कितीही असला तरी काही काळ तो थोपवून धरू शकतात. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांचे प्राण याच शक्तीने वाचवले असतील. अडचण एवढीच, की मेंदूला वाघाची चाहूल आणि उद्याच्या बैठकीची धास्ती यांतील फरक नीट कळत नाही. दोन्हींत नाडी वाढते, स्नायू ताठतात आणि झोप दाराबाहेर थांबते.

आपल्या जुन्या वैद्यकानेही हे नेमके टिपले होते. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात झोप कशी येते याचे जे विवेचन आहे, त्याचा आशय असा, की मन थकते, इंद्रिये थकतात आणि ती आपापल्या विषयांपासून माघारी वळतात, तेव्हा माणूस झोपतो. यात दोन अटी आहेत. थकणे ही पहिली आणि माघारी वळणे ही दुसरी. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली अट रोज पूर्ण होते. दुसरी राहून जाते.

कोणते काम जागे ठेवते?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डोक्याचे काम झोपेचे शत्रू नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना हाताच्या हालचालींचे एक नवे कौशल्य शिकवण्यात आले. त्या रात्री त्यांच्या मेंदूचा जो भाग त्या कामात गुंतला होता, त्याच भागात गाढ झोपेच्या लहरी अधिक जोरदार आढळल्या आणि दुसऱ्या दिवशी ते कौशल्यही सुधारलेले दिसले. म्हणजे मेंदूचा जो भाग दिवसभर राबतो, तो रात्री अधिक गाढ विसावतो. प्रश्न कामाचा नसून त्याच्या वेळेचा आणि प्रकाराचा आहे.

पालक बहुधा सारा दोष मोबाईलच्या उजेडाला देतात. उजेडाचा दोष आहेच. अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी १२ निरोगी तरुणांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांना, कागदी पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप लागायला सुमारे १० मिनिटे जास्त लागली आणि त्यांचे मेलॅटोनिनही दबले. पण उजेड ही अर्धीच गोष्ट आहे. जपानमध्ये २००५ साली झालेल्या एका लहान प्रयोगात सात पुरुषांना काही रात्री थरारक संगणकीय खेळ आणि काही रात्री साधे, कंटाळवाणे काम देण्यात आले. पडदा कधी लख्ख होता, कधी मंद. झोप लांबली ती खेळामुळे. पडद्याच्या उजेडाने त्या प्रयोगात तसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणून मोबाईलचा पडदा पिवळसर करून मध्यरात्रीपर्यंत त्यावर स्पर्धा खेळत बसणे, म्हणजे दाराला कडी घालून खिडकी सताड उघडी ठेवण्यासारखे आहे.

रुग्णांचे ऐकताना मला झोप उडवणाऱ्या कामांचे चार प्रकार दिसतात. पहिला, ज्यात चूक झाली तर किंमत मोजावी लागते असे काम: कराचे विवरणपत्र, सराव परीक्षा, पगाराचा हिशेब. दुसरा, ज्यात कोणाशी तरी चढाओढ वा वाद असतो: मोबाईलवरील खेळ, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातील खडाजंगी, वाहिन्यांवरील आरडाओरडीच्या चर्चा. तिसरा, ज्याला शेवटच नाही: बोटाने सरकवत राहायच्या चित्रफिती, ज्यांत पुढे काय येईल याचे कुतूहल कधीच संपत नाही. आणि चौथा, जे अर्ध्यावर सोडून उठावे लागते असे कोणतेही काम.

याउलट परिचित कथा पुन्हा वाचणे, संथ अभंग वा भावगीत ऐकणे, वाती वळणे, उद्याची भाजी निवडणे, नातवाला गोष्ट सांगणे यांतही मन गुंतते. पण ते पणाला लागत नाही. लक्ष एका ठिकाणी असते आणि तरी सैल असते. झोपेकडे जाणारी वाट अशा सैल लक्षातून जाते. आपल्या आज्या झोपताना मुलांना तीच ती गोष्ट सांगत, याचे कारण त्यांना दुसरी येत नव्हती असे नाही.

अर्धवट कामाची टोचणी

हिशेबनिसाचे उदाहरण घेऊ. रात्री साडेदहाला तो संगणक बंद करतो. काम संपलेले नसते, कंटाळून थांबवलेले असते. अंथरुणात पडल्यावर मन एकेक नोंद पुन्हा काढते: अमुक पावती राहिली, तमुक व्यापाऱ्याला फोन करायचा आहे. मन हे छळण्यासाठी करत नाही. आपण विसरू नये म्हणून ते आठवण धरून ठेवते. धरून ठेवायचे असेल तर जागे राहावे लागते, एवढेच.

यावर एक अगदी साधा उपाय तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले. अर्ध्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, अर्ध्यांनी झालेल्या कामांची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. “उद्या हिशेब पूर्ण करणे” असे मोघम लिहून भागत नाही. “सकाळी साडेदहाला अमुक व्यापाऱ्याला फोन, मग तीन पावत्यांची नोंद” असे लिहिले, की मन ती जबाबदारी कागदावर सोपवून मोकळे होते. ही यादी मोबाईलवर करू नये. यादी लिहायला उचललेला मोबाईल यादी झाल्यावर खाली ठेवला जात नाही. शाळेची जुनी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.

पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या भगिनींनाही हे लागू आहे. त्यांचे हात राबतात आणि डोक्यात आकडा चालू असतो: किती झाल्या, किती राहिल्या, उद्या किती द्यायच्या. रात्री थांबताना वळलेल्या विड्यांचा आणि उरलेल्या पानांचा आकडा पाटीवर वा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आकडा भिंतीवर असला म्हणजे तो उशाशी येत नाही.

पाण्याची रात्र

झोपेवरील पुस्तकांत न सापडणारा, पण सोलापूरकरांना चांगला ठाऊक असलेला एक शत्रू म्हणजे नळ. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांआड येते आणि कित्येक वस्त्यांत रात्री-अपरात्री किंवा पहाटे येते. त्या रात्री घरातील एक व्यक्ती झोपलेली दिसते. पण तिचा एक कान नळावर असतो. ही व्यक्ती बहुतेक घरांत आई किंवा सून असते. पाणी पहाटे चारला आले आणि तिची झोप फक्त एक तास मोडली, असा हिशेब घरातले करतात. तो चुकीचा आहे.

१९८८ साली स्वीडिश संशोधकांनी जहाजावरील अभियंत्यांच्या झोपेचे मोजमाप केले. काही रात्री यंत्रात बिघाड झाल्यास धोक्याची घंटा वाजून त्यांना उठावे लागणार होते. त्या रात्री त्यांची गाढ झोप कमी झाली, आणि हा परिणाम घंटा वाजण्यापूर्वीच्या झोपेतही दिसून आला. उठावे लागेल ही अपेक्षाच पुरेशी होती. पाण्याच्या रात्री आपल्या घरातील बाईची झोपही अशीच पातळ होते, पाणी येवो अथवा न येवो.

उपाय दोन आहेत. पहिला, पाण्याच्या रात्रीची पाळी घरातील प्रौढांनी वाटून घ्यावी, आणि ज्याची पाळी नाही त्याने खरोखरच निश्चिंत झोपावे. सगळ्यांनी थोडे थोडे जागे राहण्यापेक्षा एकाने पूर्ण जबाबदारी घेणे साऱ्या घराच्या हिताचे आहे. दुसरा, कानाचे काम वस्तूवर सोपवावे. मोकळ्या तोटीखाली पत्र्याचा रिकामा डबा ठेवला तरी पाण्याच्या पहिल्या धारेने तो वाजतो. आवाज होणारच याची खात्री असली की कानाला पहारा द्यावा लागत नाही. ज्या रात्री झोप मोडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेण्यात कोणताही अपराध नाही. सुनेने घेतली तरीही नाही.

परीक्षेचे वर्ष

दहावी-बारावीच्या वर्षी घरात झोपेचा बळी आधी दिला जातो. कोणी थोर माणसांचे दाखले देतात. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी १९४० साली चीनमधील रणभूमीवर सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. त्यांना वंदन करून मी मुलांना एवढेच सांगतो, की ते दुसऱ्यांचे प्राण वाचवत होते आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे वेळापत्रकाचा मार्ग आहे.

अभ्यास आणि झोप यांचे वैर नाही, उलट मैत्री आहे. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलेनबाक या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पाठ केलेली निरर्थक अक्षरे, तेवढाच वेळ जागे राहिल्यानंतर जितकी आठवली, त्याहून कितीतरी जास्त झोपेनंतर आठवली. पुढील शंभर वर्षांत झोपेत स्मृती पक्की होते याचे भरपूर पुरावे मिळाले आहेत. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री एकपर्यंत जागून पाचला उठणारा मुलगा अभ्यासाचे तास वाढवत नाही. केलेला अभ्यास मुरण्याचा वेळ कापतो. पहाटेच्या अभ्यासाची आपल्याकडे मोठी थोरवी आहे आणि ती योग्यही आहे, पण पहाटे पाचला उठायचे असेल तर रात्री नऊला दिवा मालवला पाहिजे.

शेवटच्या तासात काय वाचावे, हेही महत्त्वाचे आहे. नवे प्रकरण, न सुटलेली गणिते आणि घड्याळ लावून सोडवायची प्रश्नपत्रिका संध्याकाळी आठपर्यंत संपवावी. त्यानंतर आधी समजलेल्या भागाची उजळणी, व्याख्या, शब्दार्थ, आकृत्या नजरेखालून घालाव्यात. यात धास्ती नसते. आणि पालकांनी रात्री जेवताना गुणांचा विषय काढू नये. “चाचणीत किती पडले?” हा प्रश्न सकाळी विचारला तरी उत्तर तेच असते, रात्री विचारला तर मुलाची रात्र जाते.

झोपेचा प्रयत्न

आयुष्यात बहुतेक गोष्टी प्रयत्नाने मिळतात. झोप त्याला अपवाद आहे. “आता मला झोपलेच पाहिजे” असे ठरवून डोळे मिटणारा माणूस खरे तर नवे काम हाती घेतो, आणि ते जमते आहे की नाही यावर लक्षही ठेवतो. दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहतो, उरलेल्या तासांची वजाबाकी करतो. ग्लासगो येथील कॉलिन एस्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली निद्रानाशाची हीच साखळी मांडली: झोपेकडे लक्ष, झोपेचा हेतू आणि झोपेचा प्रयत्न. ज्याला नीट झोप येते तो यांपैकी काहीच करत नाही.

“विचारच करायचा नाही” हा निश्चयही फसतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तेव्हा तेच अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा आले. मनाला रिकामे राहा म्हणण्यापेक्षा हलके काही द्यावे. श्वास मोजणे, नामस्मरण करणे, लहानपणीच्या वाड्यात एकेका खोलीतून फिरून येणे, यांपैकी जे आपल्याला साधे वाटेल ते करावे. जमले नाही तर खंत करू नये.

अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही असे वाटले, तर घड्याळ न पाहता उठावे. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात कंटाळवाणे काही वाचावे, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, आणि डोळे पेंगू लागल्यावरच पुन्हा अंथरुणात यावे. ही रीत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितली. तिचा हेतू एवढाच, की अंथरूण आणि चिंता यांची सांगड सुटावी आणि अंथरूण व झोप यांची पुन्हा बसावी. म्हणूनच अंथरुणात बसून हिशेब, अभ्यास वा जेवण करू नये. एका खोलीत सारे कुटुंब राहत असेल तर निदान कामाची जागा आणि झोपेची वळकटी वेगळी ठेवावी. काम चालू असेपर्यंत वळकटी पसरू नये.

घरचा भोंगा

डोक्याच्या कामाला भोंगा नसेल तर तो आपणच वाजवायला हवा. रात्री साडेदहाला झोपणाऱ्या कुटुंबासाठी एक साधी शिस्त सुचवतो.

साडेआठ वाजता चुका आणि पैसे यांच्याशी संबंधित सारी कामे थांबवावीत. पाच मिनिटे उद्याची यादी लिहावी, वही मिटावी आणि ती झोपायच्या खोलीबाहेर ठेवावी. नऊनंतर घरात पैशांचा, जमिनीच्या वाटणीचा किंवा सासर-माहेराचा वाद काढू नये. वाद महत्त्वाचा असेल तर तो सकाळपर्यंत टिकेल. साडेनऊला सर्वांचे मोबाईल एका ठिकाणी, शक्यतो स्वयंपाकघरात, चार्जिंगला लावावेत. आधी वडिलांचा, मग मुलांचा. गजरासाठी साधे घड्याळ विकत घ्यावे. उरलेला तास हलक्या कामांचा, गप्पांचा आणि मंद दिव्यांचा.

चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा टाळणे चांगले. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. शरीर थंड होऊ लागल्याशिवाय झोप येत नाही. झोपण्यापूर्वी तासभर आधी स्नान, सुती अंथरूण आणि शक्य असेल तेथे सुरक्षित कठडा असलेल्या गच्चीवर झोपणे, ही आपली जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. रात्रपाळीहून सकाळी परतणाऱ्या यंत्रमाग कामगारांनीही घरी येताच मोबाईल हाती न घेता, खोलीत अंधार करून हाच हलका तास पाळावा. आणि घरच्यांनी त्यांची दुपारची झोप ही रात्रच आहे असे समजून वागावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वरील उपाय सामान्य तक्रारींसाठी आहेत. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोपेची तक्रार असेल आणि ती तीन महिने टिकली असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश समजावा आणि डॉक्टरांना भेटावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा गाडी चालवताना डुलकी येणे, पायांत रात्री विचित्र वळवळ होणे, यांची तपासणी वेगळी असते. पहाटे दोन-तीनला जाग येऊन मन खिन्न होणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठी विनासंकोच बोलावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

शेजाऱ्याकडून मागून घेतलेली किंवा जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणलेली झोपेची गोळी घेऊ नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी, देखरेखीखाली उपयोगी पडतात. पण त्यांची सवय लागते, वृद्धांना रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि स्मरणशक्तीही मंदावते. जे अनेक महिन्यांपासून घेत आहेत त्यांनी मात्र हा लेख वाचून ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते. दीर्घकालीन निद्रानाशावर अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१६ साली गोळीआधी विचार आणि सवयी बदलणाऱ्या उपचारपद्धतीची शिफारस केली आहे, आणि वर सांगितलेल्या अनेक गोष्टी त्याच पद्धतीचे भाग आहेत.

पुढचा अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. या पंधरा दिवसांत एका वहीत रोज सकाळी तीन गोष्टी लिहा: काल रात्री शेवटचे डोक्याचे काम कोणते केले, ते किती वाजता थांबवले आणि झोप साधारण किती वेळात लागली. मिनिटे मोजू नका. लवकर, मध्यम, उशिरा एवढेच पुरे. पंधरा नोंदी झाल्या की पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातील नाते तुमचे तुम्हालाच दिसेल, आणि कोणते काम रात्रीतून काढून संध्याकाळी न्यायचे हे ठरवायला दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही. तरीही दवाखान्यात यावे लागलेच, तर ती वही बरोबर आणा. तुमच्या डॉक्टरांना ती उपयोगी पडेल.